येऊन राह्यलो हो

आमचे घरमालक दिसायच्या आधी ऐकू यायचे. घराचा कोपरा वळायचा असो, गोठ्याचं फाटक लोटायचं असो की न्हाणीकडे जायचं असो, समोरचं दिसत नसलं की त्यांची काठी दोनदा जमिनीवर आपटायची, घसा खाकरायचा आणि मग खणखणीत आवाज यायचा, "येऊन राह्यलो हो." म्हशीलासुद्धा हेच. मी राहायला गेले त्याच्या पहिल्याच सकाळी मला वाटलं पाहुणे आले. पदर सावरत बाहेर आले, तर हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस एकटाच उभा राहून कडब्याच्या गंजीला सांगत होता की मी येतोय.

मी मूळची वडनेर भोलजीची. आमच्याकडे सगळी सपाट काळी वावरं. कुत्रं आणि रानडुक्कर सोडून तिसरं जनावर आम्ही पुस्तकातच पाहिलेलं. नर्स म्हणून बदली झाली ती मोताळ्याकडच्या एका डोंगराखालच्या गावात. जंगल गावाला अगदी लागून, आणि लोक अस्वलाचं असं बोलायचे जसं आमच्याकडे एसटीचं बोलतात. आज आलं नाही, काल उशिरा आलं, परवा पुलाखाली उभं होतं. मी यांच्या घरातली रस्त्याकडची खोली घेतली आणि चार वर्षं राहिले.

"आवाजाचा तरास झाला तं सांगजा," काकूनं, म्हणजे घरमालकिणीनं, पहिल्याच दिवशी सांगितलं. "कापूस देईन कानात घालाले. मी आठ वर्षं झाले घालून राह्यली."

काका वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कधीतरी एका साहेबानं त्यांना जगातल्या अस्वलांची चित्रं दाखवली होती आणि जाताना ती देऊनही टाकली होती. ती चित्रं काकांनी घरातल्या लोखंडी कपाटावर खळ लावून चिकटवली. कपाटाला आरसा होता, तोही त्यात झाकला गेला. काकू भांग पाडायला माझ्या खोलीत यायची.

आता अस्वल म्हणजे अस्वल, असं आपल्याला वाटतं. काकांसमोर असं म्हणायची सोय नव्हती. "सोयरे सारे एक नसतेत बाई," ते म्हणायचे आणि काठीच्या टोकानं एकेक चित्र दाखवायचे. बर्फातलं पांढरं. ते आवाज न करता मागून येतं, कारण त्याला तुम्ही खाऊ म्हणून दिसता. त्याच्याशी बोलून उपयोग नाही. थंड मुलखातलं मोठं तांबडं. ते फुसफुस करत अंगावर धावून येतं आणि पुष्कळदा दोन हातांवर येऊन थांबतं. अशा वेळी पळायचं नाही, हलायचं नाही, हळू मागं सरायचं. अमेरिकेतलं काळं. ते बहुतेक भित्रं, हात वर करून ओरडलं की पळतं, नाहीतर झाडावर चढतं. हिमालयातलंही काळंच, पण ते तापट. आणि मग आपलं, झिपऱ्या केसांचं, लोंबत्या ओठाचं, छातीवर पांढरी खूण असलेलं.

"आपल्याले दिसते कमी," ते अस्वलाबद्दल बोलताना 'आपल्याले' म्हणायचे, "अन खाताना आयकू बी येत नाई. मुंग्यायच्या वारुयात तोंड घालून सूं सूं कराले लागलं का दुनिया गेली खड्ड्यात. मंग कोनी गुमान जवय गेला अन ते दचकलं, का पयत नाई ते. उभं होते अन सिध्धं तोंडावर हात टाकते. त्याले तुमचं मास नाई पायजे. त्याले भेव वाटते. तुमीनं आधी सांगतलं का मी येऊन राह्यलो, तं ते आपल्या आपल्या वाटेनं जाते. सांगाले काय लागते?"

माणसांचीही ते अशीच वाटणी करायचे. काकूला त्यांनी तांबड्यात टाकलं होतं. काकू हातात झाडू घेऊन ओसरीतून निघाली की ते जागच्या जागी उभे राहायचे आणि मला हळूच सांगायचे, "दोन हातावर थांबते पाहा." ती थांबायचीही. मला त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यात टाकलं. म्हणाले, मोठ्यानं कोणी बोललं की पळता. मला राग आला, पण महिन्याभरापूर्वीच उपकेंद्रात एक पेशंटचा नातेवाईक ओरडला तेव्हा मी औषधाच्या खोलीत जाऊन बसले होते आणि हे गावभर झालं होतं.

एकदा फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात गावातला ट्रॅक्टरवाला मोबाईल घेऊन बसला होता. मोबाईलमध्ये एक गोरा माणूस हात वर करून ओरडत होता आणि काळं कुळकुळीत अस्वल शेपूट नसलेलं ढुंगण दाखवत पळत होतं. हिंदीत कोणीतरी सांगत होतं, काला भालू आया तो चिल्लाओ, हाथ उठाओ, उसकी तरफ बढ़ो. चारपाच जण मान डोलवत होते. मी बसची वाट पाहत होते. काकांनी काठी आपटली, आपण आल्याचं सांगितलं आणि मोबाईल हातात घेतला.

"पाहा काका, कायं अस्वल," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "तुमी तं म्हनता अंगावर जाऊ नोका."

"याचे कान पाय. याचे केस पाय. हे आपलं हाये का?"

"कायं तं हाये ना."

"रंग पाहून सोयरिकी करतेत बे," काका म्हणाले, "अस्वल नाई वयखत. याच्या भरवशावर नाल्यात हात वर करून गेला, तं तुह्या बायकोले तुह्य तोंड वयखू येनार नाई. झोप इथं."

त्यांनी त्याला हॉटेलासमोर धुळीत पालथं झोपवलं. तोंड जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवलेली, कोपरं आत, पाय थोडे फाकलेले. मग काठीनं ढोसून उलथायचा प्रयत्न केला. ट्रॅक्टरवाला उलथला. पुन्हा झोपवला. "पलटी झाला का तोंड गेलं. तोंड जपाचं." चहा पिणारे सगळे जण हसत होते, पण तिथला एकही माणूस असा नव्हता ज्याला काकांनी कधी ना कधी असं झोपवलेलं नव्हतं. शाळा झाली होती, बचत गट झाला होता. मलाही पहिल्याच महिन्यात त्यांनी अंगणात झोपवलं, नोकरीच्या पांढऱ्या साडीत. डाग गेला नाही.

या सगळ्याला मी हसायचे. गावही हसायचं, आणि त्यांना भोंगा म्हणायचं. हसत नव्हता तो एकच माणूस, आणि तो समोरच राहायचा.

घर मुळात एकच होतं. भावांच्या वाटण्या झाल्यावर मधल्या अंगणात विटांची एक रांग आली. पलीकडे काकांचे थोरले भाऊ. बायको वारलेली, पोरगा नोकरीला पुण्याकडे. सकाळी ऊन आलं की ते ओट्यावर येऊन बसत. चेहऱ्याची डावी बाजू अशी की पहिल्यांदा पाहताना मी नर्स असूनही नजर खाली घातली. डोळा नाही, गाल आत ओढलेला, ओठाचा कोपरा वर शिवलेला. मला पाहिलं की म्हणायचे, "चालल्या का बाई ड्युटीले?" आवाज मऊ होता. सगळ्या गावाशी बोलायचे ते. काका वावराकडे निघाले, त्यांच्या ओट्याजवळ थांबले, काठी दोनदा आपटून "येऊन राह्यलो हो, दादा" म्हणाले, की मात्र ते मान वळवायचे. ज्या बाजूला डोळा नाही ती बाजू भावाकडे करायचे. काका थोडं थांबायचे आणि पुढे जायचे. हे रोज होतं. चार वर्षांत मी एकही दिवस चुकलेला पाहिला नाही.

"अबोला हाये," काकू एवढंच म्हणाली होती.

कारण मला काकांनीच सांगितलं. उपकेंद्रात बीपी तपासायला आले होते. दंडाला पट्टा बांधला, बोलू नका म्हटलं, तरी बोलायला लागले. त्या दिवशी आवाज मात्र खाली होता.

"धुऱ्यावरच्या बोरीसाठी भांडलो आमी. वावराच्या मधातल्या बांधावर बोर होती एक. बोरं येतेत किती तिले? टोपलंभर. अन आंबट. त्याच्यावरून सहा महिने अबोला. तो म्हने आधी ह्यानं बोलाव, मी म्हनो आधी त्यानं."

"मग?"

"वावराची वाट एकच, नाल्यातून. त्या दिवशी दादा पुढं, मी मागं, असा पन्नास पावलांवर. दादाले सवय होती, भजन गुनगुनत जाये. सूर नाई, ताल नाई, पन रोज म्हने. त्या दिवशी मी मागं हाये हे त्याले मालूम होतं, म्हून गुमान चालला. मले आपला आवाज आयकू द्याचा नाई म्हून. मी बी गुमान." ते पट्ट्याकडे पाहत होते. "अन मले दिसलं बाई. वारूय उकरत बसलं होतं, पाठ करून. दादाच्या आडवं झुडूप होतं, मले नव्हतं. मी जंगलखात्याचा मानूस. काय कराचं हे सारं मले माईत. त्याचं नाव घ्याचं बी काम नव्हतं. नुसता खोकललो असतो, तरी ते निंघून गेलं असतं."

मी पंप सोडून दिला होता.

"मी म्हनलो, आधी त्यानं बोलाव," काका म्हणाले.

पुढचं त्यांनी भरभर सांगितलं. अस्वल उभं राहिलं तेव्हा ते ओरडले, काठी घेऊन धावले, अस्वल पळालं. भावाला पाठीवर घेतलं आणि फाट्यापर्यंत आणलं. सगळ्या वाटेनं ते बोलत होते, आलो दादा, पोचलो दादा, झोपू नोको दादा. फाट्यावर जीप मिळाली. भावाला आत ठेवताना त्याचं तोंड यांच्या कानाजवळ आलं आणि त्यानं एकच विचारलं, "आता काऊन बोलून राह्यला?"

"त्याच्यानंतर नाई बोलला," काका म्हणाले. "मले कायी नोको बाई आता. पोरीचं लगन झालं, पेन्शन हाये, म्हैस हाये. त्यानं एक शब्द बोलाव. शिवी देल्ली तरी चालते. म्हून सांगत राह्यतो मी आपला, येऊन राह्यलो, येऊन राह्यलो. अस्वलाले पटते. त्याले नाई पटत."

बीपी वाढलेलंच होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. मी स्वतः तेव्हा नांदुऱ्याच्या जावेशी दोन महिने बोलत नव्हते, तिनं लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव खाली टाकलं म्हणून. त्या संध्याकाळी मी तिला फोन लावला. तिनं उचलला नाही, ते वेगळं.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर काकांचा आवाज बसला. आधी मला वाटलं थंडी. मग घोगरा झाला, मग मध्येच तुटायला लागला, 'येऊन' ऐकू यायचं आणि 'राह्यलो' जायचं. मी मागे लागून त्यांना अकोल्याला पाठवलं. घशात स्वरतंतूवर बारीक गाठ निघाली. ओरडून ओरडून झाली, डॉक्टर म्हणाले. ती काढली, तपासली, साधी होती. पण पंधरा दिवस बोलायचं नाही असं सांगितलं. कुजबुजायचंही नाही, खाकरायचं नाही, जोर करून खोकलायचं नाही.

काकूनं गावात कोणाला काही सांगितलं नाही. घशाची गाठ म्हटलं की लोक लगेच पुढचंच बोलतात, आणि मग सांत्वनाला येणाऱ्यांना चहा करत बसावं लागतं. पोरीकडे जाऊन आलो, एवढंच ती सांगायची. पाळत ठेवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते कडक केलं. हूं केलं तरी बोट वर करायची.

त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. म्हैस दोन दिवस पान्हावली नाही. काकूनं कानातला कापूस काढला आणि तिला झोप येईना. काका मागून येऊन उभे राहायचे आणि आम्ही दोघी दचकायचो, आणि दचकवलं याचं त्यांनाच इतकं वाईट वाटायचं की ते हात जोडायचे.

तिसऱ्या दिवशी ते वावरात जायला निघाले. तूर सोंगायला आलेली, घरी बसवेना. नाल्याच्या वाटेनं मुकं जायचं नाही हे त्यांचंच शास्त्र, म्हणून काकूनं म्हशीच्या गळ्यातली घंटी काढून दिली. ती त्यांनी टॉवेलात गुंडाळून थैलीत टाकली. गावाबाहेर गेल्यावर काठीला बांधणार होते. अस्वलानं ऐकलेलं चाललं असतं, गावानं नाही.

थोरल्यांच्या ओट्याजवळ ते नेहमीसारखे थांबले. काठी दोनदा आपटली. थोरल्यांनी मान वळवून ठेवली. काकांनी तोंड उघडलं, मी माझ्या दारातून बोट वर केलं, त्यांनी तोंड मिटलं आणि निघून गेले. थोरले तसेच मान वळवून बसले होते. बराच वेळ बसले. मग हळूच मान सरळ करून त्यांनी वाटेकडे पाहिलं.

चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी काठी वाजली तेव्हा थोरल्यांनी मान वळवली नाही, खाली घातली. मला ते बघवेना. जाऊन सांगावं की गाठ होती, डॉक्टरनं मना केलंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण काकूला शब्द दिला होता, आणि भावाभावांमध्ये पडू नये, असं आपल्याकडे शिकवलेलं असतं. मी तशीच ड्युटीला गेले.

सहाव्या दिवशी सकाळी थंडी होती. लसीकरणाचा डबा खांद्याला लावून मी दाराला कुलूप घालत होते. काका थैली घेऊन निघाले आणि विटांच्या रांगेशी थांबले, कारण ओट्यावर कोणी नव्हतं. थोरले खाली उतरून वाटेच्या मधोमध उभे होते. चांगला डोळा भावाकडे.

"काऊन नाई बोलत बे?" ते म्हणाले.

काकांनी काठी दोनदा आपटली.

"नाल्यात बोरं पडून राह्यले. काल तिथं वारूय उकरेल पाह्यलं मी, ताजं. अन तू तिथून मुका जाऊन राह्यला." त्यांचा मऊ आवाज चढला होता. रागानं की कशानं, मला कळलं नाही. "बारा वर्षं माये कान खाल्ले. बारा वर्षं. अन आता काऊन नाई बोलून राह्यला?"

काकू ओसरीत आली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बोट सवयीनं अर्धं वर गेलं होतं, ते मी खाली घेतलं.

"बोला काका," मी म्हटलं. "डॉक्टरले मी सांगते काय सांगाचं ते."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मिशा हलल्या, डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण आवाज फुटेना. अख्ख्या गावाला पुरून उरलेला तो माणूस, त्याला त्या वेळी एक अक्षर सापडलं नाही. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली, मान खाली घातली आणि खोकलले. एकदाच, बारीक.

खोकलायला सक्त मनाई होती. माझं बोट खालीच राहिलं.



"हाव," थोरले म्हणाले. "आयकलं."

मग ते वळले आणि वावराच्या वाटेला लागले. चार पावलांवर मागे न बघता म्हणाले, "चाल. मी होतो पुढं." काका निघाले, या वेळी हातभरच अंतर ठेवून. शेवटचं घर ओलांडेपर्यंत दोघंही गुमान होते. थैलीतली घंटी बाहेर काढायची वेळ आली, तेवढ्यात पुढून गुणगुणणं सुरू झालं. सूर नव्हता, ताल नव्हता. नाल्याच्या उतारापर्यंत ते मला ऐकू येत होतं.